गोळी रुग्णाला की वॉर्डाला?

पत्र असं आहे:

"डॉक्टर, मी स्टाफ नर्स आहे. सात वर्षं सर्जरीत काढली, पाच महिन्यांपूर्वी मनोविकार वॉर्डात आले. पुरुषांचा वॉर्ड, 30 खाटा. रात्री मी एकटी आणि सोबत एक मामा (वॉर्डबॉय). दीड-दोन वाजले की एकेक जण उठून काउंटरपाशी येतो, 'सिस्टर, झोपेची गोळी द्या.' जवळजवळ प्रत्येकाच्या केसपेपरवर 'एसओएस लोराझेपाम' लिहिलेलं असतं, म्हणजे ही झोपेची गोळी गरज पडली तरच, आणि द्यायची की नाही ते माझ्यावर. जुन्या सिस्टर म्हणतात, देऊन टाकत जा, वॉर्ड शांत राहतो. रेसिडेंटला (निवासी डॉक्टरला) फोन केला तर तोही तेच सांगतो. गेल्या महिन्यात एका आजोबांना गोळी दिली, ते पहाटे बाथरूममध्ये पडले, कपाळाला चार टाके पडले. त्यानंतर मी हात आखडता घेतला. मग एका रात्री एकाला नाही म्हटलं, तर तो उजाडेपर्यंत खाटेवर बसून रडत होता. दोन्ही वेळा मीच चुकले असं वाटतं. द्यायची की नाही, याला काही नियम आहे का? — रात्रपाळीची एक सिस्टर"

सिस्टर,

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली आहे आणि मला आधी तीच विचारायची आहे. तुमच्या वॉर्डात रात्रीच्या गोळ्या किती वाजता वाटतात?

तुम्ही लिहिलं नाहीत, तरी अंदाज बांधतो. दुपारची पाळी 2 ते 8, रात्रीची 8 ते सकाळी 8. स्वयंपाकघरातल्या माणसांना घरी जायचं असतं, म्हणून जेवणाची गाडी साडेसहालाच येते. आठला ओव्हर द्यायचं, म्हणजे वॉर्ड पुढच्या पाळीकडे सोपवायचा, म्हणून दुपारच्या सिस्टर साडेसातला ट्रॉली फिरवून मोकळ्या होतात. ज्या गोळीपुढे 'एचएस' लिहिलंय, म्हणजे जी झोपताना घ्यायची, तीही त्याच फेरीत पोटात जाते. साडेआठला निम्मा वॉर्ड आडवा झालेला असतो.

आता हिशोब करा. साडेआठला झोपलेला माणूस अडीचला जागा झाला, तर त्याची सहा तास झोप झालेली आहे. हाच माणूस घरी अकराला झोपून पाचला उठला असता तर बायको म्हणाली असती, लवकर उठतात हो आमचे हे. वॉर्डात अडीचला उठला म्हणून त्याला निद्रानाश झाला, आणि त्यावर दोन मिलिग्रॅम लोराझेपाम. सकाळी राउंडला तो पेंगतो. दुपारी जेवून तीन तास झोपतो, कारण दुसरं करायला काही नसतंच. रात्री अडीचला पुन्हा तुमच्या काउंटरपाशी उभा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. बिघाड वॉर्डाच्या घड्याळात आहे, गोळी माणसाला मिळते आहे.

एका वॉर्डाची जबाबदारी माझ्याकडे असताना एचएसच्या गोळ्या साडेनऊवर न्यायचा मी प्रयत्न केला होता. तीन महिने गेले. वाद औषधाचा नव्हताच, कपाटाच्या किल्लीचा होता. दुपारच्या सिस्टर म्हणायच्या, गोळ्यांची मोजदाद करून सही झाल्याशिवाय मी किल्ली देणार नाही. रात्रीच्या म्हणायच्या, आल्या आल्या 30 जणांचं ओव्हर घ्यायचं की गोळ्या वाटायच्या? दोघींचंही खरं होतं. शेवटी असं ठरलं की बीपीच्या, साखरेच्या, बाकीच्या गोळ्या दुपारच्या पाळीने द्यायच्या आणि फक्त झोपेच्या वेळच्या गोळ्या रात्रीच्या सिस्टरने, साडेनऊ ते दहाच्या दरम्यान. महिनाभरात एसओएसच्या पानावरच्या सह्या विरळ झाल्या. औषध तेच होतं, मात्रा तीच होती. तेव्हा तुमच्या नियमाची पहिली ओळ मेट्रनच्या टेबलावर सुटणारी आहे, रात्री दोनला काउंटरवर नाही. इन्चार्ज सिस्टरशी बोला. एकट्याने नका बोलू, रात्रपाळीच्या तिघी-चौघी मिळून बोला.

पण वेळ बदलली म्हणून सगळे झोपतील असं नाही. जे उठतील ते का उठले, हे बघावं लागेल, आणि इथे तुम्हाला रेसिडेंटपेक्षा जास्त दिसतं, कारण तो झोपलेला असतो आणि तुम्ही जाग्या असता.

मी स्वतः रेसिडेंट असतानाची गोष्ट सांगतो. विशीतला एक मुलगा, हॅलोपेरिडॉल हे सायकोसिसवरचं (भास-भ्रमाच्या आजारावरचं) औषध सुरू करून चार दिवस झालेले. रात्रभर वॉर्डात येरझारा. खाटेवर बसला की पाय हलवायचा, पुन्हा उठायचा. सिस्टरांनी फोन केला, 'पेशंट एक्साइट झालाय.' मी झोपेतच आणखी एक हॅलोपेरिडॉल टोचायला सांगितलं. दुसऱ्या रात्री जास्त चालला, मी पुन्हा टोचायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "डॉक्टर, मला झोपायचंय हो, पाय माझं ऐकत नाहीत." त्याला अकॅथिशिया झाला होता. ही मनोविकाराची खळबळ नसते. आपणच दिलेल्या औषधाने आलेली आतली तगमग असते, आणि मी ती औषध वाढवून वाढवत होतो. मात्रा कमी केली, त्या तगमगीवरचं प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि मुलगा झोपला. तुमच्या वॉर्डात रात्री कोणी येरझारा घालत असेल तर त्याला थांबवण्याआधी एकच विचारा: "मन पळतंय की पाय?" पाय म्हणाला, तर केसपेपरवर तसं लिहा आणि रेसिडेंटला त्याच शब्दांत सांगा. 'झोपत नाही' असं सांगितलंत की गोळी येणार. 'पाय थांबत नाहीत, औषध चार दिवसांपूर्वी सुरू झालं' असं सांगितलंत की त्याला विचार करावा लागेल.

दारू सोडलेल्या माणसाचं नेमकं उलट आहे. तिथे हात आखडता घेऊ नका, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. शेवटचा घोट घेतल्यानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येण्याचा धोका असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसणं, चादरीवरून काहीतरी वेचत राहणं, आपण घरीच आहोत असं वाटणं. त्याची चाहूल पुष्कळदा न लागणाऱ्या झोपेनेच लागते. असा माणूस दोनला येऊन 'झोप येत नाही' म्हणाला तर त्याचे हात पुढे करायला लावा. थरथर, घाम, वाढलेली नाडी दिसली तर ही झोपेची तक्रार राहिली नाही. इथे क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लिव्हर बिघडलेलं असेल तर लोराझेपाम हेच उपचार आहेत, ठरलेल्या वेळांना द्यायचे आहेत, आणि थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) विसरायचं नाही. अशा माणसाची गोळी 'सवय लागेल' म्हणून रोखणं जिवावर बेतू शकतं. मात्र ती एसओएस असूच नये, वेळा घालून लिहिलेली असावी. तशी नसेल तर रात्री दोनला का होईना, डॉक्टरला उठवा. तुम्हाला शिव्या पडल्या तरी चालतील.

याच जातीचा दुसरा माणूस म्हणजे जो घरी वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या घेत आलाय आणि भरती होताना कुणाला सांगितलेलं नाही. आपल्याकडे अल्प्राझोलाम तालुक्याच्या मेडिकलातून आणून सासू-सून दोघी घेत असतात आणि तिला 'टेन्शनची गोळी' म्हणतात, 'झोपेची' नाही. म्हणून 'झोपेची गोळी घेता का' या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर 'नाही' येतं. विचारायचं असं: "रात्री झोपायच्या आधी घरी काय काय घेता? गोळी, पातळ औषध, दारू, तंबाखू?" दहा वर्षांची अल्प्राझोलाम एका रात्रीत बंद झाली तर तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. ती आठवड्या-महिन्यांत हळूहळू उतरवावी लागते आणि तो निर्णय डॉक्टरचा. पण माहिती काढणं हे तुमचं काम, आणि ती तुम्हालाच मिळते. पेशंट डॉक्टरसमोर उभा असतो, सिस्टरसमोर बसतो.

तंबाखूवरून आठवलं. वॉर्डात विडी-तंबाखू बंद असते आणि असावीच. पण दिवसाला दोन बंडल विडी ओढणाऱ्याची भरतीनंतरची पहिली आठवडाभराची चिडचिड आणि तुटक झोप बहुधा त्याचीच असते. वरून, विडी सुटली की ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही सायकोसिसवरची औषधं रक्तात वाढतात, कारण धुराने ती औषधं लिव्हरमध्ये लवकर संपत असतात. म्हणजे तो रात्री जागा आणि दिवसा गुंगीत. दोन्हीचं कारण विडी, आणि केसपेपरवर तिचा उल्लेखही नसतो.

मॅनियाच्या, म्हणजे अति उत्साहाच्या आजाराच्या, रुग्णाला झोप 'येत नाही' असं नसतं, त्याला तिची गरजच वाटत नाही. तो दोन तास झोपून ताजातवाना उठतो आणि तुम्हाला गाणं म्हणून दाखवतो. इथे झोप हे औषधाइतकंच औषध आहे. मूड स्थिर करणारं किंवा सायकोसिसवरचं औषध रात्रीकडे झुकवून द्यावं लागतं, थोडे दिवस बेंझोडायझेपिनही (लोराझेपामच्या जातीचं औषध) लागतं, आणि मी इथे कंजुषी करत नाही. पण उजेडही महत्त्वाचा आहे. नॉर्वेमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत मॅनियाच्या रुग्णांना संध्याकाळी 6 ते सकाळी 8 निळा प्रकाश अडवणारे नारिंगी काचांचे चष्मे सात दिवस घालायला दिले, तर साध्या काचा दिलेल्यांपेक्षा त्यांचा मॅनिया ठळकपणे उतरला. आपल्याकडे चष्मे कुठून आणणार? पण त्या खाटेवरची ट्यूबलाइट तर बंद करता येईल. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या वॉर्डांत रात्री सगळ्या ट्यूब चालू असतात, 'लक्ष ठेवता यावं म्हणून'. काउंटरवर एक दिवा, बाथरूमच्या वाटेवर एक, बाकी झीरोचे बल्ब. लक्ष ठेवायला एवढं पुरतं.

लक्ष ठेवणं थांबवायचं मात्र नाही. ज्याच्यावर जिवाचा धोका म्हणून नजर ठेवायला सांगितलंय, त्याची तपासणी झोपमोड होते म्हणून टाळू नका. फक्त बॅटरी चेहऱ्यावर मारू नका, जमिनीवर मारा. छातीची हालचाल दिसेल एवढा उजेड परतून येतो. आणि घोरण्याकडे कान द्या. ओलान्झापिन, क्लोझापिनवर वजन वाढलेला माणूस जोरात घोरतो, मधेच काही सेकंद गप्प होतो, मग गचका देऊन श्वास घेतो. तो सकाळी म्हणणार, 'रात्रभर झोप नाही.' त्याला आणखी झोपेची गोळी दिली तर तो गप्प होण्याचा काळ वाढतो. हे घोरणं केसपेपरवर लिहिणारं माणूस वॉर्डात एकच आहे, तुम्ही.

आता तुमच्या दोन रात्री.

आजोबांची. गोळी दिली ही चूक, असं तुम्ही धरून चालला आहात. मी आधी हे विचारीन की आजोबा कशासाठी उठले होते? सत्तरीतला पुरुष रात्री दोनला उठतो तो बहुतेक वेळा लघवीला. लोराझेपामने लघवी थांबत नाही. ती पुन्हा चारला लागते आणि तेव्हा पाय लटपटत असतात. त्यात बीपीची गोळी आणि क्वेटियापिन (हेही सायकोसिसवरचं) असेल तर उभं राहताच बीपी उतरतं. म्हाताऱ्या माणसाला मात्रा तरुणाच्या निम्म्याहून अधिक असूच नये, आणि शक्यतो गोळीच नसावी. 30 खाटांना एकच छापील एसओएस ऑर्डर लिहिणाऱ्याने वय पाहिलं नव्हतं. ती चूक तुमच्या नावावर का घेता? यापुढे साठीच्या वरच्या प्रत्येकाला झोपण्याआधी लघवीला पाठवा, खाटेखाली युरिन पॉट ठेवा, बाथरूमचा दिवा चालू ठेवा. मामांना सांगून ठेवा की आजोबा उठले की सोबत जायचं. आणि म्हातारा माणूस रात्री अचानक बरळायला लागला, कालपर्यंत ठीक होता आणि आज कपडे काढतोय, तर गोळीआधी ताप, साखर, तुंबलेली लघवी बघा. संध्याकाळी दिलेली टीएचपी (औषधांनी आलेला ताठरपणा घालवणारी गोळी) किंवा गुंगी आणणारी प्रोमेथाझिनसुद्धा म्हाताऱ्या मेंदूचा असा गोंधळ करू शकते.

रडणाऱ्याची रात्र. तुम्ही लिहिलेलं नाही तो कशाने आजारी होता, पण पहाटेपर्यंत बसून रडणारा माणूस मला खोल नैराश्याचा वाटतो. या आजारात झोप लागते, पण तीन-चारला जाग येते आणि तोच दिवसातला सगळ्यात काळा तास असतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही त्याच वेळी येऊ शकतात. नातेवाईक खाटेखाली चटईवर गाढ झोपलेला असतो. अशा माणसाला गोळी दिली की नाही, हा मुद्दा दुय्यम. त्याच्याजवळ पाच मिनिटं बसून सरळ विचारायचं होतं, "मरून जावंसं वाटतंय का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. तो आधीच तिथे असेल तर निदान दोघांत वाटला जातो. 'हो' आलं तर डॉक्टरला लगेच कळवायचं, खाट काउंटरसमोर घ्यायची, नातेवाइकाला उठवायचं. तुम्ही त्याला नाही म्हणालात याचं मला काही वाटत नाही. 'नाही' म्हणून परत पाठवलंत, एवढीच गोष्ट खटकली. पण 30 खाटांना एकटी असताना हेही मी खुर्चीत बसून लिहितोय, हे मला कळतं.

म्हणून त्या काउंटरवरच्या संवादाबद्दल. 'गोळी नाही' असं म्हणू नका. 'देते' असंही लगेच नको. मी असं म्हणायचो: "बसा. काय झालं? अर्ध्या तासाने परत बघू." त्या अर्ध्या तासात तो खाटेवर लोळत पडणार नाही हे बघायचं. बाकावर बसू दे, पाणी पिऊ दे, बाथरूमला जाऊन येऊ दे. डास चावत असतील तर पंख्याखालची खाट. शेजारचा मोबाइलवर व्हिडिओ बघत असेल तर त्याच्याकडून फोन घ्या, हा तर नातेवाइकांचा ठरलेला उद्योग. पोटात भूक असते पुष्कळदा, साडेसहाला जेवलेला माणूस दोनला भुकेला असणारच. दोन बिस्किटं गोळीइतकी चालतात. अर्ध्या तासाने मात्र तुम्ही स्वतःहून त्याच्याकडे गेलं पाहिजे. शब्द पाळला गेला की दुसऱ्या रात्री तो थांबायला तयार होतो. तरीही तळमळत असेल, ऑर्डर असेल, वर सांगितलेलं काही नसेल, तर द्या. मोकळ्या मनाने द्या. गोळी हे पाप नाही. फक्त तीनच्या पुढे लांब टिकणारी गोळी देऊ नका, ती त्याचा उद्याचा दिवस खाते.

लांब टिकणारी म्हणजे कोणती, हे डोक्यात ठेवा. झोल्पिडेम अडीच तासांत निम्मं उतरतं. लोराझेपामला साधारण बारा तास लागतात. क्लोनाझेपामला दीड दिवस धरा. डायझेपाम तर शरीरात आपली पिलावळ सोडून जातं, तिचा अंमल कित्येक दिवस राहतो. झोल्पिडेम लवकर उतरतं म्हणून ती निर्धोक, असंही नाही. झोपेत उठून चालणं, खाणं, दार उघडून बाहेर जाणं असे प्रकार तिच्यावर होतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2019 साली त्यासाठी तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. त्याआधी 2013 साली बायकांसाठीची मात्रा त्यांनी निम्मी करायला लावली होती, कारण बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरत होती.

आणि एसओएस देण्याआधी नेहमीच्या औषधांचं पान उलटून बघा. मी असे केसपेपर पाहिलेत: रात्री क्लोनाझेपाम, सोबत क्वेटियापिन, सोबत प्रोमेथाझिन, आणि वर एसओएस लोराझेपाम. चार वेगवेगळ्या रेसिडेंटांनी चार वेगवेगळ्या रात्री लिहिलेल्या चार झोपेच्या गोळ्या, कुणीच कुणाची बंद केलेली नाही. क्लोझापिनवरच्या माणसाला बेंझोडायझेपिन द्यायचं तर श्वासावर नजर हवी. ओलान्झापिनचं इंजेक्शन आणि बेंझोडायझेपिनचं इंजेक्शन एकाच वेळी टोचायचं नसतं, हे फोनवर 'दोन्ही देऊन टाका' म्हणणाऱ्याला तुम्ही सांगितलंत तर तो हक्क तुमचा आहे.

आणखी एक कागदाची गोष्ट, जिच्यावर माझा जुना राग आहे. सकाळी सहाला सगळ्यांच्या नोट्समध्ये एकाच शाईने, एकाच वळणाने लिहिलेलं असतं: 'पेशंट स्लेप्ट वेल.' राउंडला पेशंट म्हणतो डोळ्याला डोळा लागला नाही, आणि आम्ही त्याला खोटारडा ठरवतो. त्यापेक्षा एका कोऱ्या कागदावर 30 ओळी, रात्री नऊ ते सकाळी सहा असे तासांचे रकाने. फेरी मारताना झोपलेल्याला टिंब, जाग्याला फुली. दोन मिनिटांचं काम. तीन रात्रींनी कुणाला किती वाजता काय होतं ते उघड दिसतं. पेशंटचं म्हणणं आणि तुमची टिंबं जुळली नाहीत तरी दोन्ही लिहा. माणूस झोपलेला असून त्याला जागं राहिल्यासारखं वाटणं, हीही तक्रारच आहे.

दिवसाचं काम तुमच्या हातात नाही, तरी राउंडला बोलून बघा. सकाळी तासभर व्हरांड्यात उन्हात बसवणं, दुपारची झोप अर्ध्या तासावर तोडणं, चार नंतरचा चहा बंद. ऑक्सफर्डमध्ये मनोविकार वॉर्डातल्या 40 रुग्णांवर जवळपास हेच जरा शास्त्रशुद्ध पद्धतीने केलं गेलं: झोपेच्या सवयींवर दोन आठवडे समुपदेशन, दिवसा उजेड, रात्री अंधार, मनगटावर झोप मोजणारं यंत्र. 2018 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांनी निद्रानाश बराच कमी होता आणि ही मंडळी सरासरी साडेआठ दिवस आधी घरी गेली. 40 हा आकडा लहान आहे, त्यावर महाल बांधू नये. पण साडेआठ दिवस म्हणजे आपल्याकडे एका नातेवाइकाची साडेआठ दिवसांची बुडणारी मजुरी. एक सांभाळा: 'खाटेवर कमी वेळ पडा, उशिरा झोपा' ही युक्ती साध्या निद्रानाशाला उत्तम, मॅनियाच्या रुग्णावर करू नका. जागरणाने मॅनिया चेततो.

शेवटी डिस्चार्ज कार्ड. माझ्या मते वॉर्डातल्या झोपेच्या गोळीचं सगळ्यात मोठं नुकसान वॉर्डात होतच नाही. एसओएस म्हणून सुरू झालेली लोराझेपाम आठ दिवसांत 'एचएस' होते, घाईत कार्डावर उतरते, 'एक महिना'. माणूस गावी जातो, फॉलोअपला येत नाही, पण कार्ड जपून ठेवतो. अशा गोळ्या दोन ते चार आठवड्यांच्या पुढे नेऊ नयेत हे 1988 पासून ब्रिटिश डॉक्टरांना बजावलं जातंय. आपल्याकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम शेड्यूल एच-1 या कडक नियमांच्या यादीत आहेत, दुकानदाराने पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. वही असते, आणि तरी गोळी मिळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून कार्ड पेशंटच्या हातात देताना झोपेच्या गोळीपुढे शेवटची तारीख आहे का ते बघा. नसेल तर रेसिडेंटकडे परत न्या. त्याच्या बायकोला किंवा आईला मराठीत समजावून सांगा, ही गोळी अमुक तारखेपर्यंत, ही बाकीची मात्र चालूच ठेवायची. नाहीतर लोक नेमकं उलट करतात, मूळ औषध सोडतात आणि झोपेची धरून ठेवतात.

तुम्ही तुमच्या झोपेबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. रात्रपाळी संपवून घरी गेल्यावर डोळ्यांवर गॉगल लावून जा, खोलीला जाड पडदा लावा, आणि वॉर्डातली गोळी स्वतःसाठी उचलू नका. हे तुमच्यावर संशय म्हणून नाही लिहीत, पाहिलंय म्हणून लिहितोय.

पुढच्या आठवड्यात टिंब-फुलीचा कागद सुरू करा. पहिल्या तीन रात्री काहीच बदलू नका, नुसतं मोजा. आणि गोळ्यांची ट्रॉली नक्की किती वाजता फिरते ते कागदाच्या वर लिहा. साडेसातच निघाले, तर तो कागद घेऊन मेट्रनकडे जा. जेवणाच्या गाडीचं मात्र माझ्याच्यानेही कधी झालं नाही. ती साडेसहालाच येत राहिली. तुम्हाला जमलं तर मला कळवा, कसं जमवलंत ते इथेच छापतो.